हिरव्या ठिपक्याची राणी

दर्यापूरच्या खुशालराव गावंडे यांच्या सतरा नंबरच्या पेटीने डिसेंबरात नऊ दिवसांत नऊ गावे केली. तालुक्यात निवडणूक असल्याशिवाय एवढा दौरा कोणी करत नाही. पेटीत अंदाजे तीस हजार इटालियन माश्या होत्या आणि एक राणी होती. गर्दीत राणी चटकन सापडावी म्हणून खुशालरावांनी सुनेच्या नेलपॉलिशचा हिरवा ठिपका तिच्या पाठीवर लावला होता. पेटी देखणी होती. आतली पोळ्याची फ्रेम वर काढली की माश्यांचे घोस लोंबायचे, त्या कोणाला चावायच्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे तपासणीत पास व्हायच्या.

तपासणी ‘मधमाशी रक्षा निधी’ची होती. मध बाटलीत भरून विकणाऱ्या चार कंपन्या आणि बियाण्यांच्या दोन कंपन्या यांनी मिळून हा निधी काढला होता. माशीवरच्या प्रेमापोटी काढला असे पत्रकात छापले होते. पत्रकावर चित्र मात्र गांधीलमाशीचे होते. खरे कारण असे की मधपाळ लोक माश्यांच्या रोगावर हाती लागेल ते औषध मारायचे, ते मधात उतरायचे, आणि परदेशात पाठवलेला मध तिथल्या प्रयोगशाळेत नापास होऊन घरी यायचा. दोन-तीनदा असे झाल्यावर कंपन्यांना माशीच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. निधीतून तपासनीस नेमले गेले. रोग निघाला तर औषध फुकट मिळेल, पण मधपाळाने आपल्या मनाने काही मारायचे नाही, असे ठरले. मारले तर निधीतून नाव कटणार आणि मध कोणी घेणार नाही.

रोग म्हणजे मुख्यतः माइट. गुराला जसा गोचीड, तसा माशीला माइट; तिळाहून लहान आणि रंगाने तांबूस. तो माशीच्या अंगाला चिकटतो, पिल्लांच्या घरात शिरून वाढतो, आणि त्या घरातून वाकड्या पंखांची माशी बाहेर येते. ती उडत नाही. पेटीसमोर चालत राहते आणि मुंग्या तिला घेऊन जातात.

तपासनीस महिन्यातून एकदा प्रत्येक मधपाळाच्या तळावर यायचा, एक पेटी उघडायचा आणि तीनशे माश्या पिठीसाखरेत घोळून माइट मोजायचा. नवापर्यंत निघाले तर हिरवे कार्ड, जास्त निघाले तर लाल. लाल कार्ड मिळालेल्या तळाला औषधी पट्ट्या फुकट, पण एकवीस दिवस पेट्या जागच्या हलवायच्या नाहीत. एका गटाच्या पेट्या एकाच ट्रकने फुलांच्या मागे फिरतात, म्हणून थांबायचे मात्र सगळ्या गटाने.

कोणती पेटी उघडायची हे मधपाळाने सांगायचे. सुरुवातीला तपासनीस स्वतः निवडायचा. पहिल्याच फेरीत एकाने नेमकी चावरी पेटी निवडली, तो दोन दिवस दवाखान्यात राहिला, आणि ते बिल पाहून कंपन्यांनी निवडीचा हक्क मधपाळांना देऊन टाकला.

याचा अर्थ वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारून सोफा येतो, पलीकडून कपबश्या येतात, आणि बोलका मामा तिसऱ्या गावाहून आणला जातो. यात कोणी कोणाला फसवत नसते. पाहुण्यांच्या घरीही सोफा असाच आलेला असतो. खुशालरावांच्या गटात नऊ मधपाळ होते, पेट्या चारशे दहा होत्या, आणि त्यांतली सगळ्यात देखणी सतरा नंबर होती. सायंकाळी माश्या घरी परतल्या की तिच्या दाराला जाळी लावायची आणि उद्या जिथे तपासणी असेल तिथे तिला नेऊन ठेवायचे. नेण्याचे काम किशोर टालेच्या मालवाहू ऑटोचे. किशोर गटातलाच मधपाळ, आणि कल्पनाही त्याचीच.

“पेटीवर काय कोणाचं नाव कोरलं आहे?” तो म्हणाला होता. नाव नव्हते. फक्त सतरा हा आकडा होता, आणि सतरा आकडा कोणाचाही असू शकतो.

डिसेंबरची फेरी दर्यापूरला सुरू झाली आणि पश्चिमेकडे सरकत अकोटला संपली. तपासनीस सुगत वानखडे अकोल्याचा, तिशीतला, कृषीची पदवी घेतलेला, अकरा महिन्यांच्या करारावरचा. त्याला पहिल्या दिवशी एक माइट मिळाला. मग एक, दोन, दोन, चार, पाच, पाच, सात. नवव्या दिवशी आठ. सगळे नियमात होते, सगळ्यांना हिरवी कार्डे मिळाली. निधीच्या पुण्याच्या कचेरीत मात्र या आकड्यांचा आलेख निघाला. आलेख दर्यापूरहून अकोटकडे सरळ चढत होता. त्यावर बैठक झाली. रोग पश्चिमेकडून येत आहे असा निष्कर्ष निघाला. एकाने वाऱ्याच्या दिशेचा नकाशाही जोडला. जानेवारीची फेरी उलटी, म्हणजे अकोटपासून सुरू करायची असे ठरले, आणि आठ माइट निघालेल्या शेवटच्या तळाला ताकिदीचे पत्र गेले.

तो तळ शकुन राऊत यांचा होता. पत्रात लिहिले होते की तळावर स्वच्छता राखावी आणि बाहेरील माश्यांशी संपर्क टाळावा. हे माश्यांना कसे सांगायचे ते लिहिले नव्हते.

अकोटच्या अलीकडे शकुन आणि भगवंत राऊत यांचा साडेतीन एकरांचा मळा आहे. कारली, दोडकी, कोहळे, थोडा झेंडू. वेलांना फळ नीट धरत नव्हते म्हणून सहा वर्षांपूर्वी शकुनने दोन पेट्या आणल्या. आता बत्तीस होत्या. पेट्या तिच्या, आणि अकोल्याच्या बाजारात मध विकायचे काम भगवंताचे. तिथे तो माश्यांविषयी अर्धा तास बोलू शकायचा. घरी त्यांच्या वाटेला जायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी याच हंगामात शकुनच्या बावीसपैकी चौदा पेट्या मेल्या होत्या. तेव्हाही माइटच होता. संत्र्याच्या फुलावर नेल्यावर रस भरपूर मिळाला, राणीने अंडी भरपूर घातली, पिल्ले वाढली आणि पिल्लांवर माइट वाढला. मार्चच्या मध्यावर पेट्या उघडल्या तर आत मध होता आणि माश्या नव्हत्या. त्यामुळे या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, नऊ नंबरच्या पेटीसमोर तिला चार-पाच वाकड्या पंखांच्या माश्या चालताना दिसल्या तेव्हा तिने कोणाला विचारले नाही. जाळीच्या झाकणाची बरणी काढली, साखर दळली आणि स्वतः मोजले. एकोणीस निघाले. तिने खुशालरावांना फोन केला. ते गटप्रमुख होते.

“भाऊ, माह्या पेट्यांत माइट आहे. नऊ नंबरात एकोणीस निघाले.”

“कोणाले सांगितलं?”

“तुमालेच.”

“मंग आता दुसऱ्या कोणाले नको सांगू. बुधवारी किशोर सतरा नंबर आणून ठेवते तुह्याकडं.”

“मले सतरा नंबर नाई पायजे. मले पट्ट्या पायजेत.”

“पट्ट्या पायजेत म्हणजे लाल कार्ड पायजे. चोवीस तारखेले ट्रक मोर्शीले निघून राहिला. संत्रा फुलावर आला. एकवीस दिवस बसलो त मंग माश्या काय पानं चाटतीन?”

“आन अशाच नेल्या त मार्चापर्यंत जित्या राहतीन काय?”

“राहतीन ना बाप्पा. पोटभर खाल्लं की बिमारी जाते. माणसाचं बी तसंच असते.”

“तुमाले शुगर निघाली तवा पोटभर खाल्लं होतं काय?”

खुशालरावांनी फोन ठेवला.

भगवंताने हे बोलणे ओसरीतून ऐकले होते. “त्यायचं बी खरं आहे,” तो म्हणाला. “संत्र्याच्या मधाले गिऱ्हाईक पुसत येते. आन लाल कार्ड आलं त आठ घरचे लोक आपल्याले शिव्या देतीन.”

“बत्तीस पेट्या मेल्या त आठ घरचे लोक येतीन, काय म्हणता, आपल्याले माश्या द्याले?”

“नाई येणार.”

“मंग शिव्या देऊ द्या.”

बुधवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन उतरता उतरता किशोरचा ऑटो मळ्यात आला. दर्यापूरहून तो जरा लवकरच निघाला होता. मागे एकटी सतरा नंबर, दोराने बांधलेली, खाली गोणपाट.

“वहिनी, नवरी आली,” किशोर म्हणाला. “कुठं बसवू?”

“तिथं विहिरीजवळ. माह्या पेट्यांपासून दूर.”

“दूर कावून? हिले पाहून तुमच्या बी सुधरतीन.”

पेटी विटांवर ठेवली गेली. किशोर ओसरीत तिळाची वडी खात बसला. शकुनने दाराची जाळी काढली. पहिल्या वीस-पंचवीस माश्या बाहेर येऊन घिरट्या घालून परत गेल्या. त्यांच्यामागून एक माशी चालत आली, दारापुढच्या फळीच्या टोकाशी आली आणि खाली पडली. तिचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते.

शकुनने माश्या शांत करायचे धुराडे पेटवले आणि पेटी उघडली. आधी राणी शोधली, कारण राणी बरणीत गेली तर तपासणीत पेटीचा वंशच संपतो. हिरवा ठिपका तिसऱ्या फ्रेमवर सापडला. तिला बाजूला ठेवून दुसऱ्या फ्रेमवरच्या वाटीभर माश्या शकुनने बरणीत झटकल्या, वरून दोन चमचे पिठीसाखर घातली, बरणी हळूहळू लोळवली आणि दोन मिनिटे थांबली. मग जाळीतून साखर पांढऱ्या ताटात झटकली आणि तांब्यातले पाणी शिंपडले. साखर विरघळली. जे विरघळले नाही ते तिने काडीने एकेक करून बाजूला सारले.

“एकेचाळीस,” ती म्हणाली.

किशोर वडी हातात घेऊन आला आणि त्याने स्वतः मोजले. “बेचाळीस.”

“ते मुंगी आहे.”

किशोर ताटाकडे बघत राहिला. सतरा नंबर डिसेंबरच्या फेरीनंतर कोणी तपासली नव्हती. दाखवायची पेटी होती. तिला काय तपासायचे?

“पण हिच्यात कुठून आले एवढे?” त्याने विचारले.

“तुह्या पेट्यांतून. खुशालभाऊच्या, माह्या, साऱ्यायच्या.”

माशीविषयी शाळेत जे शिकवतात त्यात ती उद्योगी असते, शिस्तीची असते, समाजासाठी झटते. ती चोरही असते हे धड्यात येत नाही. जोरकस पेटीतल्या माश्यांना जवळ आजारी, दुबळी पेटी सापडली की त्या फुलांवर जायचे कष्ट घेत नाहीत. सरळ तिथला तयार मध लुटून आणतात. दुबळ्या पेटीतले माइट लुटणाऱ्यांच्या अंगावर चढतात आणि त्यांच्याबरोबर नव्या घरी जातात. सतरा नंबर गटातली सगळ्यात जोरकस पेटी होती, आणि गटाने तिला नऊ तळांवर नेऊन रोज नव्या आजारी शेजाऱ्यांच्या मध्ये बसवले होते. तिने जे करायचे ते केले. तिच्या काही माश्या ठिकठिकाणी चुकून दुसऱ्या पेट्यांत शिरल्या, आणि एका गावचे माइट दुसऱ्या गावाला पोचले. वाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या माणसाला रोगाचा रस्ता बरोबर सापडला होता, दिशा तेवढी उलटी. फक्त तो वारा नव्हता, किशोरचा ऑटो होता.

“म्हणजे माह्या पेट्या हिनं लुटल्या?” किशोरने विचारले.

“लुटल्या. आन तू तिले भाडं न घेता घेऊन गेला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता खुशालराव मोटारसायकलने मळ्यात पोचले, किशोरला मागे बसवून. साठीचे गृहस्थ, पांढरा सदरा, डोक्याला मफलर. ऑटोच्या खर्चापेक्षा मोटारसायकलचा खर्च कमी एवढेच बोलून ते ओसरीत बसले. शकुनने ताट झाकून ठेवले होते ते त्यांच्यापुढे ठेवले.

खुशालरावांनी चष्मा लावला. “हे तीळ आहेत.”

“भाऊ, तिळाले पाय असतात काय?”

“परवा संक्रांत झाली. याच ताटात तुमी वड्या थापल्या असतीन.”

“वड्या पाटावर थापल्या,” भगवंत म्हणाला. घरातल्या गोष्टीवर बोलायला तो मोकळा होता.

“माह्या पेटीत एवढे निघूच शकत नाई,” खुशालराव म्हणाले. “तीस वर्सं झाले मले माश्या पाळून. हिले मोजता आलं नाई.”

खुशालरावांनी ताट सरकवले आणि ते मुद्द्यावर आले. “तुह्याकडं एक नवा फुटवा आहे ना? बत्तीस नंबर. डिसेंबरात केला तो.”

मोठ्या पेटीतून काही फ्रेम काढून नवी राणी देऊन जी नवी पेटी करतात तिला फुटवा म्हणतात. राणी नवी, पिल्ले थोडी, म्हणून माइटही थोडे. शकुनने तोही तपासला होता. त्यात दोन निघाले होते.

“तो उघड त्याच्यापुढं,” खुशालराव म्हणाले. “दोन निघतीन, हिरवं कार्ड घेऊ, मोर्शीले जाऊ. मार्चात परत आलो की तू लाल घे, निळं घे, कोणतं घ्यायचं थे घे.”

“मार्चात पेट्या राहिल्या त.”

“शकुनबाई, नऊ घरं आहेत गटात. किशोरनं ऑटोचं कर्ज संत्र्याच्या भरोशावर काढलं. मी तुले हात जोडतो.”

हात त्यांनी खरोखर जोडले. शकुनला ते आवडले नाही. ती उठून उभी राहिली.

“मी फुटवा नाई उघडणार,” ती म्हणाली. “माह्या एकतीस पेट्यांत माइट आहे, आन जो एक ठीक आहे थो मी दाखवू? पट्ट्या मंग काय त्या एकालेच देऊ? आज दोनांपैकीच एक पेटी उघडन. एक माही नऊ नंबर, एक तुमची सतरा. कोणती उघडाची थे तुमी सांगा. गटप्रमुख तुमी आहा.”

“वहिनी, नऊ नंबरात एकोणीस आहेत म्हणता ना?” किशोर घाईने म्हणाला. “आन सतरात एके...”

“सतरा,” खुशालराव म्हणाले.

“भाऊ, मी बी मोजले काल.”

“तू गणितात नापास होता, तुह्या बापानं मले स्वतः सांगितलं. सतरा. आन त्या सुगतले नीट मोजाले लावतो मी.”

सुगत दहा वाजता आला. त्याने चहा घेतला, पांढरा पोशाख चढवला, डोक्यावर जाळी घेतली आणि विहिरीजवळच्या पेटीकडे बोट करून विचारले, “हेच उघडायची?”

“हेच,” खुशालराव म्हणाले.

“तळ शकुनताईचा आहे. त्यांनी सांगायचं असते.”

“हेच,” शकुन म्हणाली.

सुगतने राणी शोधली, पाहिली, आणि क्षणभर फ्रेम हातात तशीच धरली. मग राणीला जपून आत ठेवले आणि काम सुरू केले. त्याला घाई नव्हती. साखर, बरणी, दोन मिनिटे, ताट, पाणी. खुशालराव त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्याने मोटारसायकलच्या सीटवर ताट ठेवून उन्हात मोजले, मग पुन्हा मोजले.

“चव्वेचाळीस.”

“फिरून मोज,” खुशालराव म्हणाले.

“दोनदा मोजले, काका. तिसऱ्यांदा मोजले त वाढतीन, कमी होणार नाईत. काही अजून साखरेत आहेत.”

खुशालरावांनी ताट हातात घेतले आणि डोळ्यांजवळ नेले. ताटातला एक ठिपका चालू लागला. त्यांनी ताट परत सीटवर ठेवले, मफलर काढून घडी केली, पुन्हा गुंडाळली.

सुगतने लाल कार्ड काढले. “पेटी कोणाची लिहू?”

भगवंत म्हणाला, “तळ आमचा आहे, पण पेटी... म्हणजे पाहुणी आहे.”

“माहीत आहे,” सुगत म्हणाला. त्याने पिशवीतून तपासणीची वही काढली आणि डिसेंबरची पाने उलटली. “दर्यापूर, सोळा तारीख. शेरा : राणीच्या पाठीवर हिरवा ठिपका. सतरा तारीख, दुसरा तळ. राणीच्या पाठीवर हिरवा ठिपका. अठरा...”

“बस बस,” खुशालराव म्हणाले.

“नऊच्या नऊ आहेत, काका. राणी पाहिल्याशिवाय माश्या घेताच येत नाईत. या बाईले मी माह्या मामेबहिणीपेक्षा जास्त वेळा भेटलो.”

“मंग तवाच कावून नाई बोलला?” किशोर चिडला.

“लिहिलं ना. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. मले वाटलं कोणी वाचन.” सुगतने पेनचे टोपण काढले. “पुण्यात ज्या मशीनीत आकडे भरतात तिच्यात शेऱ्याले जागा नाई. आन साहेबाले हिरवी कार्डं आवडतात, तुमाले हिरवी कार्डं आवडतात. मी करारावर आहे. मी एकट्यानं कायले लाल करू?”

“मंग आज कावून करून राहिला?”

“नऊच्या वर गेले म्हणून. चव्वेचाळीसचे नऊ मले नाई करता येत. आठाचे आठच लिहिले होते मी.”

शकुनने विचारले, “पट्ट्या कधी येतीन?”

सुगतने तिच्याकडे पाहिले. तोवर तिथे पट्ट्यांची चौकशी कोणी केली नव्हती. “तीन दिवसांत. तुमच्या बत्तीस पेट्यांच्या.”

“आन यांच्या?”

“नियमानं ज्याच्या तळावर माइट निघाला त्याले.” तो थांबला. “पण नियमात हेबी आहे, रोगट पेटी मागच्या साठ दिवसांत ज्या-ज्या तळावर राहिली त्या तळालेही द्यायच्या. कोणी पेटी विकत घेतली असली त म्हणून लिहिलं आहे थे. ही कुठं-कुठं राहिली याचा पुरावा पायजे फक्त.” त्याने वहीवर बोट ठेवले. “पुरावा आहे. पण मंग तुमाले कबूल करावं लागन, पेटी फिरवली म्हणून. गटप्रमुखाची सही लागते.”

खुशालरावांसमोर आता हिशेब सोपा होता. सही केली नाही तर एकवीस दिवस चारशे दहा पेट्या थांबणार, आणि औषध बत्तीसांनाच मिळणार. सही केली तर तीस वर्षे माश्या पाळलेल्या माणसाच्या हातचा कागद पुण्याला जाणार, की मी एक पेटी गावोगाव मिरवली आणि तिने रोग पसरवला.

“कागदात ‘फसवणूक’ असा शब्द येते काय?” त्यांनी विचारले.

“‘स्थलांतर’ येते.”

“स्थलांतर ठीक आहे,” खुशालराव म्हणाले आणि सही केली. मग शकुनला म्हणाले, “तुले पायजे होतं थे झालं.”

“मले बत्तीसच पायजे होत्या, भाऊ. चारशे दहा तुमच्यानं झाल्या.”

पुढचे एकवीस दिवस गटात चांगले गेले नाहीत. शकुनला व्हॉट्सअॅपच्या गटातून त्याच दुपारी काढण्यात आले. चौथ्या दिवशी पट्ट्या आल्या आणि त्या कोणत्या फ्रेमच्या मध्ये टांगायच्या हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून पुन्हा घेण्यात आले. सुगतला पुण्याहून पत्र आले. लेखी शेरा नोंदवला असताना तो तोंडी का कळवला नाही, याचा खुलासा मागितला होता. खुलासा त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहून पाठवला.

पट्ट्या घातल्यावर पेटीच्या तळाशी चिकट पुठ्ठा सरकवतात. मेलेले माइट त्यावर पडतात. शकुन दर दोन दिवसांनी पुठ्ठे बाहेर काढायची. पहिल्या आठवड्यात नऊ नंबरच्या पुठ्ठ्यावर मोजायला जागा उरली नव्हती, सगळा पुठ्ठा तांबूस झाला होता. दुसऱ्या आठवड्यात मोजता आले. तिसऱ्यात बोटांवर मोजता आले. या काळात तिच्या तीन पेट्या तरीही गेल्या. त्यांच्यात पट्ट्या यायच्या आधीच फार थोड्या माश्या उरल्या होत्या.

सहा फेब्रुवारीला सुगतने नऊ नंबर उघडली. दोन निघाले. एकोणतीस पेट्यांना हिरवे कार्ड मिळाले, आणि शकुनने तिथूनच मोर्शीच्या बागवानाला फोन लावला.

“फूल गळून गेलं, ताई,” तो म्हणाला. “आता पाह्याले यायचं असन त या.”

संत्रा गेला होता. भगवंताने ते आठवडाभर दिवसातून दोनदा सांगितले. शकुनने मग पातूरकडच्या कांदा बियाण्याच्या शेतकऱ्यांना विचारले. कांद्याला फुलांचे गोंडे येऊ घातले होते आणि माशीशिवाय त्यात बी धरत नाही. त्यांना शंभर पेट्या हव्या होत्या.

“कांद्याचा मध वास मारते,” भगवंत म्हणाला. “अकोल्यात कोणी नाकाजवळ नेत नाई.”

“त्या चौदा पेट्या उघडल्या तवा कसा वास आला होता, आठवते काय? तो त कोणी फुकट बी नेला नसता.”

ही बातमी किशोरकडून दर्यापूरला गेली. दोन दिवसांनी खुशालरावांचा फोन आला. लाल कार्डानंतर ते शकुनशी पहिल्यांदाच बोलत होते. तब्येत, पाणी, हरभऱ्याचा भाव असे सगळे विचारून झाल्यावर ते म्हणाले, “पातूरले शंभर पेट्या लागतात म्हणे.”

“लागतात.”

“तुह्या एकोणतीस झाल्या.”

“झाल्या.”

“माह्या सत्तर घेशीन काय सोबत?”

“तपासून आणा.”

“सुगतनं दिलं ना हिरवं कार्ड. माह्या बी तळाले दिलं.”

“एका पेटीचं दिलं. माह्या पेट्यांजवळ ज्या बसणार, त्यातल्या पाच मी सांगीन त्या उघडाच्या. मी मोजीन.”

“माह्यावर भरोसा नाई तुहा?”

“नाई.”

मग खुशालराव म्हणाले, “बरणी तुही काढजो. माही फुटली.”

ट्रक रविवारी दुपारी दर्यापूरहून भरून शकुनच्या मळ्यात आला. खुशालराव केबिनमधून उतरले. शकुनने ट्रकभोवती एक फेरी मारली आणि मधल्या रांगेतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या पाच पेट्या खडूने खुणा करून खाली उतरवायला सांगितल्या. खुशालरावांनी स्वतः धुराडे धरले. पहिल्या पेटीत तीन निघाले, दुसरीत एक. तिसरीत सात निघाले तेव्हा खुशालरावांनी चष्मा लावून ताट पाहिले आणि तिळाविषयी काही म्हटले नाही.

“सात म्हणजे नवाच्या आत आहे,” ते म्हणाले.

“कार्डाच्या आत आहे. माह्या एकोणतीस पेट्यांच्या बाजूले नाई बसणार.” शकुनने ती पेटी बाजूला ठेवली. “ही वापस न्या आन पट्ट्या घाला. पुढची उघडा.”

चौथीत दोन होते. पाचवी उघडताना खुशालरावांच्या हातावर माशी चावली. त्यांनी नखाने काटा खरवडून काढला, शकुनकडे बघितले आणि बरणी तिच्यापुढे केली.

“मोज,” ते म्हणाले.